आक्का, 'जवळचे शब्द' तुझे होते

आक्का,

तू गेलीस त्याला आज पंचवीस दिवस झाले आणि मी अजून धड रडलेले नाही. भेटायला येणाऱ्या बायका म्हणतात, वकीलबाई घट्ट मनाची आहे. घट्ट मन वगैरे काही नाही. मला राग आलाय. तो सकाळी चहाच्या आधी येतो आणि कोर्टात दुसऱ्या कुणाच्या केसमध्ये उभी असले तरी जात नाही. त्यातला बराचसा तुझ्यावर आहे, म्हणून हे तुलाच लिहिते. तुझी जन्मतारीख, नोकरीची वर्षं, मिळालेली बक्षिसं हे सगळं शाळेनं फळ्यावर लिहून झालंय. मी लिहिणार आहे ते वह्यांबद्दल आणि त्या कुणी नेल्या त्याबद्दल.

सहा वह्या होत्या. लांब, निळ्या पुठ्ठ्याच्या. प्रत्येकीच्या पहिल्या पानावर तुझ्या अक्षरात 'जवळचे शब्द' असं लिहिलेलं. निपाणीच्या शाळेत इंग्रजी शिकवायला लागलीस आणि पहिल्याच वर्षी तुला कळलं की आपल्या मराठी शाळेतली पोरं मधल्या मधे लटकतात. इंग्रजीचं पुस्तक कर्नाटकाचं. त्याचं गाईड घ्यावं तर ते कन्नडमधून समजावणारं. कोल्हापूरहून येणाऱ्या गाईडात मराठी असायचं, पण धडे दुसरेच. पोरांना शब्दांचे अर्थ पाठ असायचे, पण दोन शब्दांचा अर्थ एकच असला की कुठला कुठं वापरायचा, हे सांगणारं कुणी नव्हतं. 'हिअर' म्हणजे ऐकणं आणि 'लिसन' म्हणजेही ऐकणंच. मग तू लिहायला लागलीस. बसस्टँडवरचा लाउडस्पीकर आपोआप कानावर पडतो, ते हिअर. बाई काय सांगतात ते आपण होऊन कान देऊन ऐकतो, ते लिसन. 'सी', 'लुक' आणि 'वॉच' या तिघांसाठी तू बोरगावची बस घेतलीस. वळणावर बस दिसते, ते सी. पाटी वाचायला तिच्याकडं बघतो, ते लुक. आणि आपली येईपर्यंत स्टँडवरची प्रत्येक बस न्याहाळत बसतो, ते वॉच. पोरं हसायची आणि मरेपर्यंत विसरायची नाहीत.

मी विसरलेली नाही. बेळगावात कायद्याच्या पहिल्या वर्षाला असताना मी भर वर्गात उभी राहून म्हणाले होते, की आरोपीला 'हंग' केलं. अख्खा वर्ग हसला. मागून एकजण म्हणाला, कुठं, भिंतीवर का? ते का हसताहेत हेच मला कळलं नाही आणि त्याचंच जास्त लागलं. फोनवर तुला म्हणाले की हे मला जमणार नाही, मी परत येते. तू 'ये' म्हणाली नाहीस, 'नको' म्हणाली नाहीस. रविवारी सकाळच्या बसनं स्वतःच आलीस. होस्टेलच्या पायरीवर बसून सांगितलंस, की फोटो टांगला तर हंग, माणसाला फाशी दिली तर हँग्ड. इंग्रजीसुद्धा माणसाला आणि वस्तूला एका खुंटीला अडकवत नाही. मग डबा उघडून भाकरी आणि खर्डा माझ्यापुढं ठेवलास.

"हसली ती पोरं घरात इंग्रजी ऐकत वाढल्यात," तू म्हणालीस. "तू आईच्या विडीच्या पानांच्या ढिगाऱ्यात बसून शिकलीस. त्यांना आयतं मिळालंय, तू कमावलंयस. खा आता."

आई विड्या वळायची, आप्पा तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे आणि त्या घरातून एक इंग्रजीची शिक्षिका निघाली, एक वकील निघाली. यातलं अर्ध्याहून जास्त काम तू केलंस. हे मी तुला कधी सांगितलं नाही. वाटायचं, तुला माहीतच आहे.

आता तुझ्या हेडसरांकडं येते. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. नाव छापून यायची त्यांना फार हौस आहे, ती माझ्या हातून भागणार नाही.

सहा वर्षांपूर्वी ते तुमच्या शाळेत आले. तुझ्या वर्गाचा इंग्रजीचा निकाल बघितला, वह्या बघितल्या आणि म्हणाले, बाई, सगळ्या शिक्षकांसाठी झेरॉक्स काढू या. तू सहाच्या सहा वह्या पिशवीत घालून नेऊन दिल्यास. चार महिन्यांनी परत आल्या. पुढं दोन वर्षांनी, शाळा सुरू होताना, निपाणीच्या दुकानांतून गुळगुळीत कव्हराचं एक पुस्तक आलं. नाव 'जवळचे शब्द'. लेखक, हेडसर. तुला ते कळलं कसं, तर तुझ्याच वर्गातल्या एका पोरीनं ते दप्तरातून काढून बाकावर ठेवलं. तू ते हातात घेतलंस, चाळलंस, तिला परत दिलंस आणि तास घेतलास. पुढची दोन-तीन वर्षं घरात एक शब्द बोलली नाहीस. बेळगाव काही परदेशात नाही. मी महिन्यातून दोनदा येत होते, तुझ्या हातचं जेवत होते आणि तू मला सांगितलं नाहीस.

गेल्या वर्षी एका रविवारी मी तुझ्या कपाटात स्टेपलर शोधत होते आणि ते पुस्तक हाताला लागलं. उघडलं. पहिल्याच पानावर बोरगावची बस.

त्या दुपारचं भांडण मला पाठ आहे. मी म्हणाले, उद्या नोटीस काढते. तू म्हणालीस, काढायची न्हाय. मी कायदा सांगायला लागले. तू गवारीच्या शेंगा मोडत होतीस, हात थांबवला नाहीस. मी आवाज चढवला तेव्हा तू मान वर केलीस आणि वर्गात बोलतात तशा शांतपणे म्हणालीस, "चोरायला इंग्रजीत दोन शब्द हायत, शशे. स्टीलच्या म्होरं वस्तू येती. रॉबच्या म्होरं माणूस. त्येनं वही नेली. मला न्हाय लुटलं."

मला त्या शांतपणाची चीड आली. मी म्हणाले, आमच्या पुस्तकात पण दोन आहेत, चोरी आणि जबरी चोरी. दुसरीला जोर लागतो, नाहीतर भीती लागते. तुझं सर्व्हिस बुक त्या माणसाच्या कपाटात आहे. चार वर्षांनी पेन्शनच्या कागदावर त्याची सही लागणार आहे. म्हणून तू गप्प आहेस. ही भीतीच झाली आणि भीती घालून नेलं तर त्याला लुटणंच म्हणतात.

तू म्हणालीस की पुस्तक पोरांच्या हातात पोचलं, आपल्याला ते कधी छापता आलं असतं? मी म्हणाले, तुझं नाव पुसून पोचलं. तू म्हणालीस, नाव वाचून कुणाला इंग्रजी येत नाही. दारात उन्हाला बसलेली आई एकदा तुझ्याकडं बघत होती, एकदा माझ्याकडं. शेवटी मी म्हणाले, तू भित्री आहेस, आक्का.

आणि तू काय केलंस? रडली नाहीस. मला हाकललं नाहीस. तू विचारलंस, "टिमिड म्हणतीस का कावर्ड? मराठीत दोन्हीला भित्राच म्हणत्यात. पण एक सभाव असतो आन् दुसरा दोष."

विचारायला नको होतंस. अशा वेळी माणूस थोबाडीत मारतं, आक्का, शब्दांतला फरक विचारत नाही. तू विचारलंस आणि मी उत्तर दिलं. मी 'कावर्ड' म्हणाले. चप्पल घातली आणि स्टँड गाठला.

त्यानंतर अकरा महिने आपण बोललो नाही. आईच्या फोनवरून तुझा आवाज मागून ऐकू यायचा. ती जेवली का गं, असं तू आईला विचारायचीस आणि आई मला विचारायची. मी आईला उत्तर द्यायचे. दोन शिकलेल्या बायका आणि मधे निरोप पोचवायला ती म्हातारी. मला फोन करता आला असता. बेळगावच्या टिळकवाडीतल्या घरात एकटी बसून मी रोज ठरवायचे की आधी तिनं करावा. मोठी ती आहे, चूक तिची आहे. आणि तूही केला नाहीस. त्याची चूक निम्मी तुझी आहे, ती मी एकटीच्या अंगावर घेणार नाही.

फोन शाळेतून आला. तुम्ही लगेच या, एवढंच म्हणाले. मी गाडी काढली. तवंदी घाटात ट्रक बंद पडला होता आणि मी अर्धा तास स्टिअरिंगवर हात ठेवून काय काय बोलायचं ते जुळवत बसले. तू तेव्हा गेलेली होतीस. स्टाफरूममध्ये पाण्याचा ग्लास हातात घेतलास आणि खुर्चीवरून कललीस, असं तुझ्या मैत्रिणी म्हणाल्या. मी जुळवलेलं सगळं माझ्यापाशीच राहिलं.

जलदानविधीला घर माणसांनी भरलं होतं. सगळे पांढऱ्या कपड्यांत. त्रिशरण-पंचशील झालं, लोक एकेक करून आईला भेटून जायला लागले. हेडसरही आले होते. आईपुढं हात जोडून उभे राहिले, डोळे पुसले. मग मला दाराशी बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, बाईंच्याकडं माझे थोडे कागद राहिलेत. सापडले तर बाजूला ठेवा. घाई नाही, पण या आठवड्यात मिळाले तर बरं."

माझे कागद म्हणाले ते. माझे.

लोक पांगल्यावर मी शोधलं. दाराच्या मागं अडकवलेल्या तुझ्या शाळेच्या पिशवीत ते होते, बुटाच्या नाडीनं बांधलेले. त्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रुफं. दीडशेच्या आसपास पानं आणि एकही पान तुझ्या लाल शाईवाचून नाही. प्रत्येक गठ्ठ्यावर, पोरांच्या वह्या तपासताना घालायचीस तशी, तारीख. पहिली गेल्या दिवाळीनंतरची, शेवटची तू जायच्या आदल्या आठवड्यातली. त्यांनी आपली अक्कल चालवून जिथं जिथं तुझं लिखाण बदललं होतं, तिथं चुका झाल्या होत्या. 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट'ची अदलाबदल केली होती. तुझी उदाहरणं काढून तिथं लंडनचा पूल आणि बर्फ आणला होता. आणि तू ते सगळं एकेक करून नीट केलं होतंस. चोरानं चोरलेल्या मालाला पडलेले डाग तू घासून देत होतीस.

मी तो गठ्ठा भिंतीवर फेकला. खरं सांगते. पानं खोलीभर झाली. आई आतून आली, खाली बसली आणि एकेक पान उचलायला लागली.

"शाळंतनं आली की रोज ह्येच घिऊन बसायची," आई म्हणाली. "मी इचारलं, कुणाचं गं काम ह्ये? तर म्हणाली, माझंच हाय."

मग मीही खाली बसले. आईला आकडे वाचता येतात, म्हणून ती पानं लावत होती आणि मी वाचत होते. अगदी वरचं पान हेडसरांच्या नावाचं होतं. नावाखाली हुद्दा, प्रिन्सिपल. तुझ्या तिसऱ्या वहीत या शब्दावर अर्धं पान आहे. उच्चार एकच, पण शेवटी ए-एल लिहिलं तर शाळेचा प्रमुख आणि एल-ई लिहिलं तर तत्त्व. हेडसरांनी स्वतःच्या नावाखाली तत्त्व लिहिलं होतं. दीडशे पानांत स्वल्पविराम सुटला तरी तुझा लाल गोल होता. या एका पानावर फक्त कोपऱ्यात बरोबरची खूण होती. तपासलं, बरोबर आहे, अशी. तू गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ती तिथं. आई म्हणाली, काय झालं गं? मी म्हणाले, तुझी लेक काही साधी नव्हती.

आणि मग ते पान आलं. 'वेजेस', 'सॅलरी', 'फीज'. मूळ वही मी काढून समोर ठेवली. त्यात तुझी तीन वाक्यं अशी आहेत: माझी आई विड्या वळते, तिला मिळतात ते वेजेस. मी शिकवते, मला मिळते ती सॅलरी. माझी बहीण वकील आहे, तिला मिळतात त्या फीज. छापील पानावर हेडसरांनी तीच वाक्यं ठेवली होती, फक्त माणसं पहिल्या आवृत्तीपासूनच बदलली होती. 'माझी आई'च्या जागी 'अ पुअर वुमन'. एक गरीब बाई. 'मी'च्या जागी एक शिक्षक. माझ्या जागी कुणी एक वकील.

तू 'अ पुअर वुमन' खोडलं होतंस. एका रेघेनं नाही, चार-पाच रेघा मारून, कागद फाटेल इतक्या जोरानं. वर लिहिलं होतंस, 'माय मदर'. खाली 'माय सिस्टर'. त्या गठ्ठ्यावर तारीख होती फेब्रुवारीची. आपण बोलत नव्हतो तेव्हाची.

आक्का, मी चुकीचा शब्द वापरला होता. दोन्हीही शब्द चूक होते. हे तू जिवंत असताना मला कळायला हवं होतं. त्यासाठी तू मला ते पान दाखवायला हवं होतंस. नुसतं फोटो काढून पाठवलं असतंस तरी मी त्या दिवशीच्या बसनं आले असते. एका चुकीच्या माणसाला तू दीडशे पानं दुरुस्त करून द्यायला बसलीस आणि स्वतःच्या बहिणीला एक शब्द दुरुस्त करून दिला नाहीस. हा राग मी काय करू?

शाळेत शोकसभा झाली. आईला पहिल्या रांगेत बसवलं. तुझ्या फोटोला हार, सतरंजीवर पोरी, खुर्च्यांवर शिक्षक, संस्थेची माणसं. हेडसर बोलायला उठले. चांगले बोलतात, ते मान्य करायला हवं. बाई किती वक्तशीर, बाई किती अबोल. मग म्हणाले, 'जवळचे शब्द' या माझ्या पुस्तकाच्या कामात बाईंनी मला मोलाची मदत केली, मुद्रितशोधनासारखं किचकट काम त्या आनंदानं करायच्या.

माझं नाव बोलणाऱ्यांच्या यादीत नव्हतं. मी उठले आणि माईकपाशी गेले. मी एका हातात तुझी वही धरली आणि दुसऱ्या हातात त्यांचं पुस्तक. वहीतली तीन वाक्यं वाचली. मग पुस्तकातली तीन वाचली. एवढंच केलं. वर एकच वाक्य बोलले.

"या पुस्तकातली ही गरीब बाई कोण, असं कुणाला विचारायचं असेल तर ती पहिल्या रांगेत बसली आहे."

तुझे सहकारी, वीस वीस वर्षं तुझ्या डब्यातलं खाल्लेले, मांडीवरच्या पर्सची चेन उघडझाप करत बसले. त्या सगळ्यांना माहीत होतं, आक्का. त्यांनी त्या वह्या तुझ्या टेबलावर बघितल्या होत्या. अध्यक्षांनी माईक हातात घेतला आणि म्हणाले की दुःखाच्या भरात माणूस बोलून जातं, आपण समजून घेऊ या. लगेच सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. ती दोन मिनिटं तुझ्यासाठी नव्हती. ती मला गप्प बसवायला होती.

बाहेर पडताना हेडसर मागून आले. रागावलेले दिसले नाहीत, उलट समजुतीच्या सुरात बोलले. नव्या आवृत्तीत ते तुझा फोटो घालणार होते. पहिल्या पानावर 'बाईंच्या स्मृतीस अर्पण' असं छापणार होते. म्हणजे तुझंच पुस्तक तुलाच अर्पण. वर म्हणाले, त्या प्रुफांचं तेवढं बघा. मी म्हणाले, प्रुफं आता पुरावा आहेत.

खरं सांगायचं तर मला तेव्हा धास्ती होती. वह्यांवर तारखा नव्हत्या. ते म्हणाले असते की आधी मी सांगितलं, बाईंनी लिहून घेतलं. पण शोकसभेनंतर दोन दिवसांनी रुबिना घरी आली. तुला ती आठवत असेल. पंधरा वर्षांपूर्वी तुझ्या हाताखाली दहावी झाली, आता बाजारात तिचं शिवणाचं दुकान आहे. ती सतरंजीवर मागं बसली होती. तिनं ओढणीखालून एक जुनी वही काढली, दहावीची, इंग्रजीची. तू फळ्यावर लिहायचीस ते तिनं उतरून घेतलेलं. वर शाळेचं नाव, वर्ष, प्रत्येक पानाखाली तुझी सही आणि तारीख. बोरगावची बस होती. आई होती. हेडसर त्या शाळेत यायच्या नऊ वर्षं आधीची.

"आमच्या गल्लीत आणखी तिघींच्या वह्या हायत," रुबिना म्हणाली. "बाईंच्या वह्या कुणी रद्दीत घालत न्हाय."

ती चहा पिऊन गेल्यावर मी थोडा वेळ आत जाऊन बसले. तेव्हा थोडं रडू आलं. फार नाही.

आता कायद्याची एक गोष्ट सांगते, तुला ती कधी सांगितली नव्हती. तुझं लग्न झालेलं नाही, आप्पा नाहीत. तू लिहिलेल्या प्रत्येक ओळीची मालक आता आई आहे. नोटीस द्यायची तर तिच्या नावानं, वकीलपत्रावर सही तिची. मी तिला तसं समजावलं.

"मला इंग्रजीचं एक अक्षर येत न्हाय आन् पुस्तक माझं?"

मी म्हणाले, व्हय, तुझं.

तिनं मला ते पान परत वाचायला लावलं. आधी इंग्रजीतून, मग मराठीतून. गरीब बाई म्हटल्यावर तिचा चेहरा हलला नाही. तुझी दुरुस्ती वाचली तेव्हा तिनं कागद माझ्या हातातून घेतला, उलटा धरला, मी सरळ करून दिला. लाल अक्षरावर बोट ठेवून तिनं विचारलं की यात आई कुठलं? मी दाखवलं. त्या शब्दावर ती किती वेळ बोट ठेवून बसली, मला मोजता आलं नाही.

मी तिला सगळं सांगायला हवं म्हणून सांगितलं, की आक्काला हे नको होतं. तिनं मला स्पष्ट नको म्हटलं होतं आणि त्यावरूनच आमचं वाजलं.

आई म्हणाली, "तिनं तुला नको म्हटलं हुतं. मला न्हाय म्हटलं. सही कुठं करायची दाव."

चष्मा शोधला, तो सापडला. पेन तिनं विडीच्या कात्रीसारखं घट्ट धरलं होतं. सही करायला पाच मिनिटं लागली आणि अक्षर चांगलं आलं.

नोटीस सोमवारी बेळगावातून स्पीड पोस्टानं गेली, एक हेडसरांना, एक प्रकाशकाला. प्रकाशकाचा फोन काल आला. त्याला म्हणे काहीच कल्पना नव्हती. दुसरी आवृत्ती त्यानं छापखान्यातच थांबवली आहे. हेडसरांनी वकील दिला आहे. ते भांडणार. किती वर्षं लागतील सांगता येत नाही आणि शाळेतली माणसं साक्षीला येतील असं मला वाटत नाही. रुबिना येणार आहे. बाकीच्या तिघींच्या वह्या तिनं कालच आणून दिल्या.

तू इथं असतीस तर म्हणाली असतीस, सोड, पोरांची परीक्षा तोंडावर आलीय, पुस्तक बाजारातनं काढू नको. मला तुझा आवाजसुद्धा ऐकू येतो. पुस्तक बाजारात राहील, आक्का. ते मी बंद पाडणार नाही. त्याच्यावर तुझं नाव येईल आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तुझी लाल शाई जशीच्या तशी छापली जाईल.

तू नको म्हणाली होतीस, मला माहीत आहे. आता तुझं ऐकायचं नाही, असं आम्ही दोघींनी ठरवलंय.